मेसन-डिक्सन रेषा : कागदावरचा अंश आणि जमिनीवरचा दगड

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या दोन राज्यांच्या सरहद्दीवरून पायी निघाले, तर शेताच्या बांधावर, रानात, क्वचित एखाद्या घराच्या परसातही एक झिजलेला चुनखडीचा दगड आढळतो. त्याच्या उत्तरेकडील अंगावर 'पी' आणि दक्षिणेकडील अंगावर 'एम' हे अक्षर कोरलेले असते. दर मैलाला असा एक दगड आणि दर पाचव्या मैलाला दोन घराण्यांची राजचिन्हे कोरलेला मानाचा दगड, अशी ही मूळ मांडणी. इंग्लंडमधील पोर्टलंड येथे खाणीतून काढून, घडवून, जहाजाने अटलांटिकपार आणलेले हे दगड १७६५ पासून पुढच्या तीन वर्षांत रोवले गेले. त्यांतील अनेक आजही जागेवर आहेत.

ही सरहद्द 'मेसन-डिक्सन रेषा' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेचा उत्तर भाग आणि दक्षिण भाग यांच्यातील दुभंगाची खूण म्हणून ती इतिहासात गाजली. परंतु मुळात ती गुलामगिरीसाठी आखलेली नव्हती आणि कोणत्याही युद्धाची सीमाही नव्हती. दोन जमीनदार घराण्यांमध्ये आठ दशके चाललेल्या तंट्याचा तो निवाडा होता. राजाच्या सनदा, न्यायालयाचा हुकूम आणि उभय पक्षांचे करारनामे यांना जे साधले नाही, ते ताऱ्यांचे वेध आणि साखळीची मोजणी यांनी कसे साधले, हे समजून घेण्याजोगे आहे.

दोन सनदा आणि चाळिसावा अंश

१६३२ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने कॅल्व्हर्ट घराण्यातील दुसरे लॉर्ड बाल्टिमोर यांना मेरीलँडची सनद दिली. तीत उत्तरेकडची हद्द ४० व्या अंशापर्यंत सांगितली होती. पुढे १६८१ मध्ये दुसरा चार्ल्स याने विल्यम पेन यांना पेनसिल्व्हेनियाची सनद बहाल केली. पेन यांचे दिवंगत वडील आरमारी अधिकारी होते. त्यांचे राजाकडे असलेले देणे या सनदेने फिटले. पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिण हद्दीचे वर्णन मात्र विचित्र होते. न्यू कॅसल या गावापासून १२ मैलांच्या अंतरावर वर्तुळाकार रेषा काढावी, ती ४० व्या अंशाच्या आरंभाला मिळेल आणि तेथून हद्द सरळ पश्चिमेला जाईल, असे सनद म्हणत होती.

अडचण अशी, की हे वर्तुळ आणि ही रेषा कोठेही एकमेकांना भेटत नाहीत. न्यू कॅसलपासून ४० अक्षांशाची रेषा वीस मैलांहूनही अधिक उत्तरेला आहे. सनद लिहिणाऱ्यांपुढे जे नकाशे होते, त्यांवर हे अंतर चुकीचे दाखवले होते. सनदेचा शब्द प्रमाण मानला तर १६८२ मध्ये पेन यांनी वसवलेले फिलाडेल्फिया शहरच मेरीलँडच्या हद्दीत जात होते, कारण तेही ४० अंशांच्या काही मैल दक्षिणेला वसले आहे. उलट सनदेतील वर्तुळ प्रमाण मानले तर मेरीलँडच्या हातून सुपीक पट्टा निसटत होता. दोन्ही दावे राजाच्या मोहोरेचे होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नव्हते.

त्यात डेलावेअर नदीच्या मुखाकडील तीन परगण्यांची भर पडली. ते १६८२ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कने पेन यांना दिले. बाल्टिमोर यांचे म्हणणे असे, की हा प्रदेश आपल्या सनदेत आधीच अंतर्भूत आहे. १६८५ मध्ये राजाच्या सल्लागार मंडळाने द्वीपकल्पाचे दोन समान भाग करावेत असा निर्णय दिला. तथापि मोजणी कोणी, कशी आणि कोणाच्या खर्चाने करावी, हा प्रश्न तसाच राहिला.

नदीकाठचा रक्तपात

लंडनमधील वकिलांच्या दृष्टीने हा कागदाचा वाद होता. सस्क्वेहॅना नदीच्या काठी नांगर धरणाऱ्याच्या दृष्टीने तो सारा कोणाला भरायचा आणि शेत कोणाच्या दप्तरी नोंदवायचे याचा वाद होता. एकाच जमिनीवर दोन वसाहतींचे मालकी कागद निघत, दोन्हीकडचे शिपाई वसुलीस येत, आणि एका बाजूला भरलेला सारा दुसरी बाजू मान्य करीत नसे.

१७३० च्या सुमारास मेरीलँडचा थॉमस क्रेसप हा नदीच्या पश्चिम तीरावर ठाण मांडून बसला. पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने आलेल्या वसाहतकऱ्यांना हुसकावून लावण्याचे काम त्याने चालवले. मारामाऱ्या, घरांवरील छापे, गुरे हाकून नेणे हे नित्याचे झाले आणि दोन्ही बाजूंची माणसे मेली. नोव्हेंबर १७३६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्याच्या शेरिफने क्रेसपच्या घराला वेढा घालून ते पेटवून दिले आणि त्याला कैद केले. बेड्या घालून फिलाडेल्फियात आणल्यावर, मेरीलँडमधील हे एक फार सुंदर शहर आहे, असे तो खवचटपणे म्हणाल्याची आख्यायिका आहे. ४० व्या अंशाच्या वादाचे सारे मर्म या थट्टेत होते.

अखेर राजाने हस्तक्षेप केला. १७३८ मध्ये तात्पुरता समझोता झाला आणि पुढच्या वर्षी एक कामचलाऊ रेषा आखली गेली. हिंसाचार ओसरला, वाद मात्र कायम राहिला.

तडजोड आणि तिची भूमिती

वास्तविक तडजोडीचा पाया त्याआधीच, १७३२ मध्ये घातला गेला होता. पाचवे लॉर्ड बाल्टिमोर आणि पेन यांचे वारस यांनी त्या वर्षी करारावर सह्या केल्या. ४० अंशाचा आग्रह सोडून, फिलाडेल्फियाच्या दक्षिण टोकापासून १५ मैल दक्षिणेस जे अक्षवृत्त येईल ती हद्द मानावी, असे ठरले. करारासोबतचा नकाशा बाल्टिमोर यांच्याच बाजूने आला होता. त्यावर हेन्लोपेन भूशिराचे स्थान खऱ्या जागेच्या सुमारे वीस मैल दक्षिणेला दाखवले होते. हे लक्षात आल्यावर बाल्टिमोर यांनी फसवणुकीचा आरोप करून करार नाकारला. पेन बंधू न्यायालयात गेले. १७५० मध्ये लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी निकाल दिला, की स्वतः सही केलेला करार पाळणे बाल्टिमोर यांना बंधनकारक आहे. तरीही अंतिम करारनामा होण्यास १७६० साल उजाडले.

या करारातील हद्द कागदावर सोपी आणि जमिनीवर अत्यंत अवघड होती. द्वीपकल्पाच्या आडव्या रेषेचा मध्यबिंदू शोधायचा. तेथून उत्तरेला सुमारे ८२ मैलांची सरळ रेषा अशी न्यायची, की ती न्यू कॅसलभोवतीच्या १२ मैल त्रिज्येच्या वर्तुळाला पश्चिमेकडून केवळ स्पर्श करील. मग उत्तरेला वळून १५ मैलांच्या अक्षवृत्तापर्यंत जायचे. आणि तेथून त्याच अक्षवृत्तावरून पश्चिमेला. स्थानिक मोजणीदारांनी तीन वर्षे खपून वर्तुळाच्या त्रिज्या आखल्या, स्पर्शरेषेचेही प्रयत्न केले. पण रेषा हवी तेथे लागेना आणि उभय पक्षांचा विश्वास बसेना. एकमेकांच्या माणसांवर अविश्वास असलेल्या दोघांनी अखेर तिऱ्हाईत तज्ज्ञ मागवण्याचे ठरवले.

ताऱ्यांच्या साक्षीने

चार्ल्स मेसन हे ग्रीनिच वेधशाळेत सहायक होते. जेरेमाया डिक्सन हे डरहॅम परगण्यातील मोजणीदार. १७६१ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध घेण्यासाठी रॉयल सोसायटीने या दोघांना सुमात्राकडे धाडले होते. वाटेत फ्रेंच युद्धनौकेने हल्ला केल्यामुळे त्यांना तेथे पोहोचता आले नाही. वेध त्यांनी केप ऑफ गुड होप येथून घेतले आणि ते उत्तम ठरले. ही जोडी १५ नोव्हेंबर १७६३ रोजी फिलाडेल्फियात उतरली.

त्यांच्यापाशी जॉन बर्ड या नामवंत कारागिराने घडवलेली साधने होती. त्यांतील सर्वांत मोलाचे म्हणजे झेनिथ सेक्टर. सहा फुटांची ही उभी दुर्बीण थेट डोक्यावरील आकाशबिंदूच्या आसपासचे तारे पाहते आणि तारा याम्योत्तर ओलांडताना शिरोबिंदूपासून किती कोनावर आहे हे मोजते. ताऱ्याचे आकाशातील स्थान ठाऊक असल्यास त्या कोनावरून ठिकाणाचा अक्षांश निघतो. ब्रह्महृदय आणि अभिजित यांसारखे तारे त्या अक्षांशावर जवळजवळ माथ्यावरून जातात, म्हणून ते या कामी उपयुक्त ठरले. कोनात एका सेकंदाची चूक झाली, तर जमिनीवर सुमारे १०० फुटांची चूक होते. म्हणून एकेका ठिकाणी अनेक रात्री वेध घ्यावे लागत आणि हे यंत्र गादीवर ठेवून गाडीतून नेले जाई.

पहिले काम फिलाडेल्फियाचे दक्षिण टोक ठरवण्याचे. शहराच्या दक्षिण सीमेवरील एका घराची उत्तरेकडील भिंत हे ते टोक, असे दोन्ही वसाहतींच्या आयुक्तांनी मान्य केले. तेथून सरळ दक्षिणेला १५ मैल मोजायचे, तर वाटेत डेलावेअर नदी आडवी येत होती. म्हणून ही मंडळी त्याच अक्षांशावर ३१ मैल पश्चिमेला ब्रँडीवाइन ओढ्याच्या परिसरातील एका शेतावर गेली. तेथे रोवलेला खुणेचा दगड पुढे 'स्टारगेझर्स स्टोन' म्हणून प्रसिद्ध झाला. तेथून त्यांनी दक्षिणेला १५ मैल मोजले आणि पश्चिम रेषेचा आरंभबिंदू निश्चित केला. १७६४ चा मोसम मध्यबिंदूपासूनच्या स्पर्शरेषेत गेला. १७६५ च्या एप्रिलमध्ये पश्चिम रेषेची मोजणी सुरू झाली.

अक्षवृत्तावरून चालणे म्हणजे सरळ रेषेत चालणे नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पृथ्वी गोल असल्याने अक्षवृत्त जमिनीवर किंचित वाकलेले असते. होकायंत्राची सुई तर ठिकाणागणिक वेगळी दिशा दाखवते. मेसन व डिक्सन यांनी ताऱ्यांवरून दिशा धरून सुमारे साडेअकरा मैलांची एकेक सरळ रेषा आखली. अशी रेषा अक्षवृत्तावरून निघते, मध्ये अठरा-वीस फूट उत्तरेला सरकते आणि पुन्हा अक्षवृत्तावर येते. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस झेनिथ सेक्टर उभारून अक्षांश पडताळायचा आणि मागे येताना गणिताने काढलेल्या अंतराइतके बाजूला सरून खरी हद्द नोंदवायची, असा क्रम होता.

लांबी मोजण्यास गंटरची साखळी होती : ६६ फूट लांब, १०० कड्यांची, अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल. आपल्याकडील गुंठा हा ३३ फूट लांबी-रुंदीचा चौरस, म्हणजे बाजूने या साखळीच्या बरोबर निम्मा. त्यामुळे साखळीची मापे मराठी शेतकऱ्याला परकी वाटू नयेत. चढउतारावर लाकडी चौकटी आडव्या, समपातळीत ठेवून अंतर मोजले जाई. पुढे कुऱ्हाडीवाले आठ-नऊ यार्ड रुंदीची वाट रानातून तोडत, मागून स्वयंपाकी, तंबूवाले, गाडीवान आणि मेंढपाळ येत. शेवटच्या मोसमात हा काफिला शंभरावर गेला होता. झाड अंगावर कोसळून दोन मजूर दगावले. पश्चिमेकडील साइडलिंग हिल या डोंगरापुढे जड दगडांच्या गाड्या नेणे अशक्य झाले, तेव्हा लाकडी खांब आणि माती-दगडांचे ढिगारे यांवर काम भागवावे लागले.

वाट अडली

ज्या भूमीवर ही रेषा चालली होती, ती रिकामी नव्हती. मेसन व डिक्सन अमेरिकेत उतरले त्याच्या पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १७६३ मध्ये, लँकेस्टर परिसरात सशस्त्र वसाहतकऱ्यांनी कोनेस्टोगा जमातीच्या निःशस्त्र लोकांची कत्तल केली. त्यात मुलेबाळेही होती. १७६५ च्या आरंभी काम थांबलेले असताना मेसन ती जागा पाहण्यासाठी मुद्दाम गेले होते.

पर्वतांपलीकडे जाण्यास मूळनिवासींची अनुमती आवश्यक होती. सर विल्यम जॉन्सन यांनी इरोक्वॉय संघाच्या सहा राष्ट्रांशी बोलणी केली, ५०० पौंड दिले गेले आणि १७६७ च्या मोसमात मोहॉक व ऑनंडागा प्रतिनिधींचे एक पथक मोजणीदारांसोबत निघाले. पश्चिमेकडे लेनापे व शॉनी जमातींचा प्रदेश जवळ येऊ लागला तसे काही मजूर भीतीने परतले. ऑक्टोबरमध्ये डंकार्ड ओढ्याजवळ एक युद्धमार्ग आडवा आला. येथपर्यंतच सोबत करण्याचा आपल्याला आदेश आहे, यापुढे पाऊल टाकणार नाही, असे पथकप्रमुखाने सांगितले. आरंभबिंदूपासून २३३ मैलांवर रेषा थांबली. सनदेत सांगितलेले पाच रेखांश पूर्ण होण्यास अजून काही अंतर उरले होते. मेसन व डिक्सन यांनी मग रॉयल सोसायटीसाठी त्याच द्वीपकल्पावर अक्षांशाच्या एका अंशाची लांबी मोजली आणि सप्टेंबर १७६८ मध्ये ते मायदेशी परतले.

वसाहतींची राज्ये झाली

रेषेचा उरलेला तुकडा पूर्ण झाला तेव्हा राजाची सत्ता संपुष्टात आली होती. या टोकाला वाद मेरीलँडशी नसून व्हर्जिनियाशी होता. पिट्सबर्ग आणि आसपासचा प्रदेश दोघांनाही हवा होता. १७७४ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नरच्या माणसांनी तेथील किल्ल्याचा ताबा घेतला. एकाच मुलखात दोन न्यायालये बसू लागली आणि एकमेकांच्या न्यायाधीशांना अटक करू लागली. क्रेसपच्या काळाची पुनरावृत्ती होण्याची चिन्हे होती.

मात्र स्वातंत्र्ययुद्धात दोन्ही राज्ये एकाच पक्षात लढत होती. १७७९ मध्ये दोन्हीकडील प्रतिनिधी बाल्टिमोर येथे भेटले आणि मेसन-डिक्सन रेषाच डेलावेअर नदीपासून पाच रेखांशांपर्यंत वाढवावी, तेथून हद्द उत्तरेला न्यावी, असे त्यांनी ठरवले. १७८० मध्ये मान्यता देताना व्हर्जिनियाने एक अट घातली : हद्द कोणाच्याही बाजूने गेली तरी ज्यांनी आधी रीतसर जमीन मिळवली, त्यांचा हक्क अबाधित राहावा. पेनसिल्व्हेनियाने ती मान्य केली. शेतकऱ्याच्या खात्याला सरहद्दीच्या निवाड्यात असे स्पष्ट स्थान मिळणे, ही या कराराची मोठी बाजू होय.

१७८४ मध्ये मोजणी झाली. पेनसिल्व्हेनियाच्या वतीने डेव्हिड रिटनहाउस, तर व्हर्जिनियाच्या वतीने अँड्र्यू एलिकट अशी नामवंत मंडळी त्यात होती. पाच रेखांश जमिनीवर कसे मोजावेत, यासाठी त्यांनी गुरू ग्रहाच्या चंद्रांचा आधार घेतला. एक पथक पूर्वेला विल्मिंग्टन येथे, दुसरे पश्चिम टोकाकडील डोंगरावर. गुरूच्या चंद्राला ग्रहण लागते तो क्षण दोन्हीकडे एकच असतो, पण स्थानिक घड्याळे वेगळी वेळ दाखवतात. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने पाच रेखांशांना वीस मिनिटांचा फरक पडला पाहिजे. दोन्ही पथकांनी नोंदी ताडून पाहिल्या आणि नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर ओक लाकडाचा खांब रोवला. दोन्ही पथकांत दोन्ही राज्यांची माणसे होती, त्यामुळे निष्कर्षावर कोणालाही शंका घेता आली नाही.

रेषेचा दुसरा अर्थ

याच सुमारास रेषेला एक वेगळाच अर्थ प्राप्त होऊ लागला. १७८० मध्ये पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी क्रमाक्रमाने नष्ट करणारा कायदा केला. मेरीलँडमध्ये ती १८६४ पर्यंत टिकली. जमीनदारांच्या भांडणातून उभे राहिलेले दगड आता माणसाच्या दास्याची सीमा ठरले. १८२० मध्ये मिसुरीच्या प्रवेशावरून अमेरिकी संसदेत झालेल्या चर्चेत या रेषेचे नाव सर्वतोमुखी झाले. १८४९ मध्ये हॅरिएट टबमन मेरीलँडमधून निसटून पेनसिल्व्हेनियात पोहोचल्या आणि नंतर पुन्हापुन्हा मागे जाऊन इतरांना बाहेर काढत राहिल्या. १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्याने मात्र रेषा ओलांडणे पुरेसे राहिले नाही. पुढच्याच वर्षी लँकेस्टर परगण्यातील क्रिस्तियाना येथे आपले गुलाम परत न्यायला आलेला मेरीलँडचा एक मालक प्रतिकारात मारला गेला.

चूक कोठे आणि हद्द कोठे

आजच्या उपग्रहाधारित साधनांनी तपासले असता जुने दगड ठरलेल्या अक्षवृत्तापासून काही ठिकाणी शेकडो फूट दूर असल्याचे दिसते. हा मोजणीदारांचा निष्काळजीपणा नव्हे. झेनिथ सेक्टर ओळंब्याच्या दोरीवरून उभा केला जाई आणि जवळच्या डोंगरांच्या तसेच भूगर्भातील घनतेच्या असमान आकर्षणामुळे ओळंबाच किंचित कलतो. अमेरिकेतील त्यांच्या अंशमापनाबाबत हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने अशी शंका त्याच काळात उपस्थित केली होती. पुढे हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही हिमालयाच्या सान्निध्यात हाच प्रश्न उभा राहिला.

तरीही हद्द बदललेली नाही. १८४९ मध्ये आणि पुन्हा विसाव्या शतकाच्या आरंभी फेरमोजणी झाली, तेव्हा घराच्या पायरीला लागलेले किंवा हरवलेले दगड शोधून जुनी रेषाच पुन्हा प्रस्थापित करण्यात आली. उभय पक्षांनी मान्य करून जमिनीवर रोवलेली खूण ही कागदावरील आकड्याहून श्रेष्ठ, हे सीमाकायद्याचे तत्त्व आहे. जेथे अशी खूण स्पष्ट नव्हती तेथे वाद लांबला : वर्तुळ, स्पर्शरेषा आणि अक्षवृत्त यांच्या सांध्यात राहिलेल्या सुमारे एक चौरस मैलाच्या पाचरीवर पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर या दोघांचाही दावा होता. तो प्रश्न १९२१ मध्ये सुटला आणि ती पाचर डेलावेअरकडे गेली.

मेसन-डिक्सन रेषेचा निवाडा टिकला, तो तिच्या अचूकतेपेक्षाही तिच्या रीतीमुळे. आरंभबिंदू दोघांनी मिळून ठरवला, तिऱ्हाईताने मोजले, नोंदी दोघांना दिल्या आणि दगडावर दोन्ही बाजूंची अक्षरे कोरली. या संमतीत मूळनिवासींना जेमतेम एका मोसमापुरते स्थान होते आणि पुढे ज्यांचे स्वातंत्र्य त्या दगडांवर अवलंबून राहिले, त्यांना तर काहीच विचारले गेले नव्हते. रेषेच्या इतिहासाचा हा भागही तिच्या मोजणीइतकाच नोंदवून ठेवण्याजोगा आहे.